बारीक तार करंटने किती तापेल? पहिल्यांदा मॉडेल बनवणाऱ्यांसाठी

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की आमच्या रबाळ्याच्या युनिटमध्ये दोन-तीन नवीन ट्रेनी येतात, कोणी ऐरोलीचं, कोणी कळव्याहून ठाण्याला गाडी बदलून येणारं, आणि पहिल्याच आठवड्यात त्यातलं कोणीतरी सॉफ्टवेअरमध्ये एक तार काढतं, करंट सोडतं, मेश मारतं (म्हणजे तिचे गणितासाठी बारीक तुकडे पाडतं), रन करतं आणि लॅपटॉप उचलून माझ्याकडे येतं की मॅडम हे बरोबर आहे का बघा. चित्र छान असतं, मधे लाल, कडेला निळं. मी मात्र चित्राकडे नंतर बघते, आधी विचारते, ही गरमी तारेतून बाहेर कुठून जातेय आणि किती?

बहुतेक वेळा उत्तर येत नाही. म्हणून हा लेख. गरमी तयार किती होते हा भाग जूलने १८४१ मध्येच सोडवून ठेवलाय, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, त्यात कोणी चुकत नाही. चुकतात ती बाहेर जाणारी वाट धरताना, आणि तार जितकी बारीक तितकी ही चूक मोठी होते.

सॉफ्टवेअर बंद ठेवा, आधी कागद घ्या

एक खरी तार घेऊ म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. ४७ गेजची इनॅमल कॉपर वायर, कॉइल वाइंडिंगवाल्याकडे मिळते, तांब्याचा व्यास साधारण ०.०५ मिमी, म्हणजे ५० मायक्रॉन. तिचा १० मिमी तुकडा दोन जाड पितळी ठोकळ्यांमध्ये स्क्रूने धरलाय आणि त्यातून ०.५ अँपिअर डीसी सोडायचाय.

क्षेत्रफळ ०.००१९६ चौ. मिमी. करंट डेन्सिटी आली २५५ अँपिअर प्रति चौ. मिमी. घरातल्या वायरिंगमध्ये आपण दहाच्या आत राहतो, तर हा आकडा बघून नवीन माणूस घाबरतो, पण घाबरू नका, पुढे बघा. तांब्याची रेझिस्टिव्हिटी ०.०१७२ ओहम, म्हणजे एक मीटर लांब आणि एक चौ. मिमी जाड तारेला एवढा रेझिस्टन्स. आपल्या तुकड्याला ०.०८७६ ओहम आला. पॉवर २२ मिलिवॅट. बस, एवढीशीच.

आता समजा हवा नाहीच, गरमी फक्त दोन टोकांनी ठोकळ्यात जाते. संध्याकाळच्या गर्दीचा प्लॅटफॉर्म डोळ्यासमोर आणा जिथे जिने फक्त दोन्ही टोकांना आहेत, सगळ्यात जास्त कोंडी मधोमध होणार, तसंच तारेचं. मधल्या बिंदूचं तापमान किती वाढेल याचं सूत्र असं आहे:

वाढ = (करंट डेन्सिटीचा वर्ग × रेझिस्टिव्हिटी × लांबीचा वर्ग) ÷ (८ × थर्मल कंडक्टिव्हिटी)

तांब्याची थर्मल कंडक्टिव्हिटी ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन धरा. सगळं मीटरमध्ये आणून टाका, मिलिमीटर-मीटरची खिचडी झाली की उत्तर हजार किंवा दहा लाख पटीने चुकतं आणि हे मी दर बॅचला बघते. उत्तर येतं ३५ अंश. म्हणजे खोली २७ ला असेल तर तारेचा मधला भाग ६२ ला. २५५ अँपिअर प्रति चौ. मिमी ला फक्त ३५ अंश वाढ, कारण तार आखूड आहे. लांबी वर्गात बसलीय, तीच तार २० मिमी केली की हे सूत्र १४० देईल.

तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, हे विसरू नका

तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. करंट फिक्स असेल तर रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढली, पॉवर वाढली की तापमान वाढलं, आणि पुन्हा तेच चक्र. आपल्या तारेत हे धरलं की ३५ चे ३९ होतात. फार फरक नाही वाटत, पण करंट वाढवत गेलात की हा फरक झपाट्याने मोठा होतो, आणि हवा नसलेल्या या १० मिमी तारेत साधारण दीड अँपिअरच्या आसपास हे गणित सरळ अनंताकडे जातं, म्हणजे स्थिर तापमान असं काही उरतच नाही, तार वितळेपर्यंत तापत राहते. तुमचा प्रोग्रॅम अशा ठिकाणी कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे एका आकड्यावर स्थिरावत नाही, तेव्हा लगेच कोडमधली चूक शोधत बसू नका, आधी विचारा की खरी तार तरी इथे टिकली असती का.

सप्लाय व्होल्टेज फिक्सवर असेल तर उलटं होतं, रेझिस्टन्स वाढला की करंट कमी होतो आणि तार स्वतःला सावरते. म्हणून मॉडेलच्या पहिल्याच ओळीत लिहा, करंट फिक्स आहे की व्होल्टेज. टेबलावरच्या सप्लायचा सीसी (करंट फिक्स) दिवा लागलाय की सीव्ही (व्होल्टेज फिक्स), तेच मॉडेलमध्ये हवं.

इथे एक सुंदर गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. वीडेमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्ये दाखवलं की चांगल्या धातूंमध्ये वीज वाहून नेणं आणि उष्णता वाहून नेणं हातात हात घालून चालतं. त्यातून असं निघतं की गरमी फक्त टोकांनी जात असेल तर मधल्या बिंदूचं तापमान फक्त तारेवरच्या व्होल्टेजवर ठरतं, जाडी कितीही असो, लांबी कितीही असो. केल्विनमधल्या मधल्या तापमानाचा वर्ग बरोबर टोकाच्या तापमानाचा वर्ग अधिक व्होल्टेजचा वर्ग भागिले चारपट लॉरेन्झ नंबर, म्हणजे याच नात्यातला स्थिरांक, आणि हा नंबर साधारण २.४४ गुणिले १० चा उणे ८ वा घात. हवा न धरता आपल्या तापलेल्या तारेवर ४८ मिलिव्होल्ट पडतात. टाकून बघा, वाढ येते ३७ च्या जवळ, वर ३९ आली होती. दोन अगदी वेगळ्या वाटांनी जवळपास एकच आकडा आला की मला तरी मॉडेलवर भरवसा बसतो. आणि याच सूत्रात तांब्याचा वितळणबिंदू, १०८५ अंश, केल्विनमध्ये करून टाकलात तर व्होल्टेज येतं जेमतेम ०.४१ व्होल्ट. रिलेच्या कॉन्टॅक्टमधला सूक्ष्म टेकणारा बिंदू असो की नॅनोवायर, अर्धा व्होल्टसुद्धा न लागता धातू वितळू शकतो तो यामुळे. नॅनोवायरला सूत्र वापरताना थोडं जपून, त्याचं कारण खाली येईलच.

आता हवा, आणि इथेच सगळे घसरतात

माझी पहिली नोकरी ठाण्यात होती, वागळे इस्टेटमध्ये, एका छोट्या वर्कशॉपमध्ये. तिथे मला हीच तार, पण १०० मिमी लांब, मॉडेल करायला दिली होती, करंट तोच ०.५. मी कॉलेजच्या पुस्तकातून हवेचा हीट ट्रान्सफर कोएफिशियंट, ज्याला सगळे नुसतं एच म्हणतात, तो १० वॅट प्रति चौ. मीटर-केल्विन घेतला, कारण नॅचरल कन्व्हेक्शनला ५ ते १० घ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं. उत्तर आलं जवळपास ११०० अंश वाढ, तेही रेझिस्टन्स वाढणं न धरता, म्हणजे तांबं वितळून गेलं. मी रिपोर्ट लिहिला की तार टिकणार नाही.

तिथल्या वाइंडिंगच्या काकांनी रिपोर्ट वाचला नाही, तार टेबलावर ताणून लावली, सप्लाय ०.५ ला सेट केला आणि चालू केला. काहीच झालं नाही. तार लाल नाही, धूर नाही, इनॅमलचा रंगसुद्धा तसाच. मग त्यांनी खणातून मेणबत्तीचा तुकडा काढला आणि तारेच्या मधोमध अगदी हलकासा घासला, मेणाचा पांढरा ठिपका क्षणभर बसला आणि लगेच काचेसारखा पारदर्शक होऊन तारेवर दोन्ही बाजूंना पसरला. म्हणाले, "मेण वितळतंय म्हणजे साठच्या वर आहे, इनॅमल काळं पडत नाही म्हणजे दोनशे नाही. आता तुमच्या गणितात बघा कुठे चुकलं ते."

चुकलं होतं ते एच. मोठ्या भिंतीला, पाइपला, मोटारच्या बॉडीला १० बरोबर आहे. पण तार बारीक होत गेली की तिच्याभोवतीची हवा गरमी सगळ्या दिशांना पसरवून नेते, आणि एच अंदाजे व्यासाच्या उलट प्रमाणात वाढतो. अंदाज बांधायची रीत सोपी: स्थिर हवेत अशा केसासारख्या तारेचा नुसेल्ट नंबर, म्हणजे हवा गरमी किती नेते हे सांगणारा बिनएककाचा आकडा, साधारण ०.४ ते ०.५ असतो, त्याला हवेच्या कंडक्टिव्हिटीने, म्हणजे ०.०२६ ने गुणा आणि व्यासाने भागा. ५० मायक्रॉनला येतो साधारण २१० ते २६०. मी २२० धरते. दहाच्या जागी दोनशेवीस! तोच आकडा टाकून, रेझिस्टन्सची वाढ धरून, १०० मिमी तारेचं उत्तर येतं ८० च्या थोडं वर. खोलीचे २७ मिळवा, ११० अंश. मेण वितळणार, इनॅमल टिकणार. रेडिएशन इथे विसरलात तरी चालेल, खोलीच्या तापमानाला ते अगदी काळ्या पृष्ठभागालासुद्धा एच ६ च्या आसपासच देतं, दोनशेपुढे काय ते.

आपल्या १० मिमी तुकड्यात हवा धरली की ३९ चे २६ होतात. एच १० घेतला असता तर ३८. म्हणजे आखूड तारेत चूक लपून जाते आणि लांब तारेत अंगावर येते. कुठली तार आखूड आणि कुठली लांब, हे ठरवायलाही एक लांबी आहे: कंडक्टिव्हिटी गुणिले व्यास भागिले चारपट एच, आणि त्याचं वर्गमूळ. आपल्या तारेला जवळपास ४.८ मिमी. तार याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर टोकं आणि हवा दोन्ही धरा, याच्यापेक्षा खूपच आखूड असेल तर टोकंच सगळं ठरवतात, वीसपट असेल तर मधल्या भागाला टोकं कुठे आहेत याचा पत्ताच नसतो. मॉडेल सुरू करायच्या आधी ही लांबी काढायची सवय लावून घ्या.

आणि पंखा. खोलीतला पंखा चालू असेल, हवा मीटरभर प्रति सेकंदाने वाहत असेल, तर एच ६०० पर्यंत जातो आणि २६ चे १६ होतात. किंगने १९१४ मध्ये बारीक तारांवरच्या याच कूलिंगचा अभ्यास केला आणि त्यावरच हॉट-वायर अ‍ॅनिमोमीटर चालतो, तापलेल्या तारेच्या रेझिस्टन्सवरून वाऱ्याचा वेग. तुमच्या प्रयोगात तुम्हाला वारा मोजायचा नसेल तर तारेवर खोका पालथा घाला, एसीची झुळूकसुद्धा लागते.

कोड

यासाठी पायथन आणि नमपाय पुरे आहे. तार १०० तुकड्यांत तोडा, प्रत्येक तुकड्यासाठी एकच हिशेब: शेजाऱ्यांकडून आलेली गरमी, अधिक आत तयार झालेली, वजा हवेला दिलेली, बेरीज शून्य. दोन्ही टोकांना वाढ शून्य. समीकरणं सोडवा, तापमान मिळालं, त्यावरून प्रत्येक तुकड्याचा नवीन रेझिस्टन्स काढा, पुन्हा सोडवा, चार-पाच फेऱ्यांत आकडा हलायचा थांबतो.

मग लगेच ग्राफ काढू नका. आधी जमाखर्च जुळवा. आपल्या तुकड्यात तापलेल्या अवस्थेत एकूण २३.४ मिलिवॅट तयार होतात, त्यातले १७.३ टोकांनी जातात आणि ६.१ हवेत. बेरीज जुळली. ही बेरीज जुळत नसेल तर चित्र कितीही गुळगुळीत दिसू दे, ते फेकून द्या. मी ट्रेनीकडून पहिल्यांदा हाच तक्ता मागते, रंगीत चित्र नंतर.

वेळेचं गणित हवं असेल तर मोठं काही करायच्या आधी टाइम कॉन्स्टंट काढा, लांबीचा वर्ग भागिले पायचा वर्ग भागिले डिफ्युजिव्हिटी, म्हणजे धातूत गरमी किती झपाट्याने पसरते तो आकडा. तांब्याची डिफ्युजिव्हिटी १.१६ गुणिले १० चा उणे ४ था घात. १० मिमी ला सेकंदाच्या एक दशांशाहून थोडं कमी, १ मिमी ला एक मिलिसेकंदही नाही. म्हणून ५० हर्ट्झ एसीवर १० मिमी तारेला आरएमएस करंट (तेवढीच गरमी देणारा डीसी) टाकून मोकळं व्हा, पण १ मिमी तार प्रत्येक अर्ध्या सायकलला तापते आणि निवते, तिथे सरासरी चालत नाही. स्किन इफेक्टची, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या कडेकडेने वाहण्याची, काळजी नको, १ मेगाहर्ट्झलासुद्धा तांब्यात स्किन डेप्थ ६५ मायक्रॉन असते, आपली अख्खी तार त्याच्या आत मावते.

थ्री-डी कधी

तार सरळ आणि एकसारखी असेल तर थ्री-डीची गरजच नाही. जिथे रुंदी बदलते, मान आखडते, पीसीबीचा ट्रॅक काटकोनात वळतो किंवा व्हायामधून (थरांना जोडणाऱ्या भोकातून) खाली जातो, तिथे करंट कसा वाटला जातो हेच माहीत नसतं, आणि आधी व्होल्टेजचं समीकरण सोडवून मग त्यातून निघालेली गरमी तापमानाच्या समीकरणाला द्यावी लागते. फुकट हवं असेल तर एल्मर आहे, फिनलंडच्या सीएससीने बनवलेलं, कंपनीत लायसन्स असेल तर कॉमसोल किंवा अ‍ॅन्सिस. एक सावधगिरी: धारदार आतल्या कोपऱ्यात करंट डेन्सिटी मेश बारीक कराल तितकी वाढतच जाते, थांबत नाही, तो गणिताचा गुण आहे. तापमान मात्र स्थिरावतं. म्हणून मेश तपासताना तापमान बघा, कोपऱ्यातला करंट डेन्सिटीचा कमाल आकडा रिपोर्टात लिहू नका.

तार नाही, फिल्म असेल तर

सिलिकॉनवर एक मायक्रॉन ऑक्साइड, त्याच्यावर २०० नॅनोमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. इथे गरमी थेट खाली जाते. ऑक्साइडची कंडक्टिव्हिटी १.४, जाडी एक मायक्रॉन, भागाकार केला की एच येतो १४ लाख. करंट डेन्सिटी १०,००० अँपिअर प्रति चौ. मिमी सोडली तरी ऑक्साइडमुळे वाढ होते साधारण ०.४ अंश. आपली सुटी तार दीड अँपिअरला, म्हणजे ७७० अँपिअर प्रति चौ. मिमी ला, हाताबाहेर गेली होती. करंट डेन्सिटी तेरापट, आणि तापमान जागच्या जागी! मला हे उदाहरण फार आवडतं कारण करंट डेन्सिटीवरून तापमानाचा अंदाज बांधता येत नाही हे यात एका झटक्यात दिसतं. अशा पट्टीला आधी मारतं ते तापमान नसून इलेक्ट्रोमायग्रेशन, धातूचे अणूच इलेक्ट्रॉनच्या रेट्याने सरकतात, त्याचं आयुष्य काढायला ब्लॅकचं १९६९ चं समीकरण वापरतात.

जाडी किंवा रुंदी शंभर नॅनोमीटरच्या खाली गेली की पुस्तकातली रेझिस्टिव्हिटी वापरू नका. तांब्यात इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानाला सरासरी ४० नॅनोमीटर जाऊन धडकतो, फिल्म तेवढीच पातळ असेल तर तो पृष्ठभागांवर आणि ग्रेनच्या (धातूतल्या बारीक स्फटिकांच्या) सीमांवर जास्त वेळा धडकणार, रेझिस्टिव्हिटी वाढणार आणि थर्मल कंडक्टिव्हिटीही उतरणार. फ्युक्सने १९३८ मध्ये याचं गणित मांडलं, पण नवीन माणसाने सूत्रात अडकण्यापेक्षा स्वतःच्या फिल्मचा रेझिस्टन्स मोजून तोच टाकावा.

मोजल्याशिवाय मॉडेल पूर्ण नाही

५० मायक्रॉन तारेला थर्मोकपल लावू नका, थर्मोकपलच तारेची गरमी पिऊन टाकेल. तारेलाच थर्मामीटर बनवा. फोर-वायर जोडणी करा, करंटच्या दोन वायर वेगळ्या, व्होल्टेजच्या दोन वेगळ्या आणि तारेच्या टोकाला अगदी चिकटून, इनॅमल नीट खरवडून. आपल्या तुकड्यावर तापण्याआधी ४३.८ मिलिव्होल्ट पडायला हवेत, तापल्यावर ४६.८. फक्त ३ मिलिव्होल्टमध्ये सगळी गोष्ट आहे. पंखा लावला की ४५.७ च्या आसपास उतरतं, मीटरवर डोळ्यांनी दिसतं, हे एकदा स्वतः करून बघाच. यातून मिळते ती तारेची सरासरी वाढ, साडेसतरा अंश, मधली २६ नाही, दोन्हीत गल्लत नको.

गार तारेचा रेझिस्टन्स कमी करंटवर मोजायला जाल तर साध्या मीटरला तेवढे मिलिव्होल्ट धड दिसतच नाहीत. त्यापेक्षा ०.२, ०.३, ०.४, ०.५ अँपिअरला व्होल्टेज मोजा, व्होल्टेज भागिले करंट काढा आणि तो करंटच्या वर्गासमोर ग्राफवर मांडा. जवळपास सरळ रेष येते. रेष मागे शून्य करंटपर्यंत वाढवली की गार रेझिस्टन्स मिळतो, आणि रेषेचा चढ तुम्हाला कूलिंग सांगतो.

आता मॉडेलची रेष त्याच कागदावर काढा. शून्याजवळच दोन्ही रेषा जुळत नसतील तर लांबी किंवा व्यास चुकलाय, बहुतेक वेळा व्यासच, कारण मायक्रोमीटर इनॅमलसकट मोजतो आणि हवा न धरता तापमान व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतं, ५ टक्क्यांची चूक झाली की तापमानात २० टक्के गेले. म्हणून व्यास मायक्रोमीटरवरून घेऊ नका, लांबी नीट मोजा आणि याच गार रेझिस्टन्सवरून व्यास उलटा काढा. शून्याला जुळतंय पण चढ जुळत नसेल तर तांब्याचे आकडे बदलत बसू नका, गरमी जाते ती वाट चुकलीय. मॉडेलचा चढ जास्त असेल तर एच कमी धरलाय, पंखा चालू राहिलाय किंवा तार खाली कुठेतरी टेकलीय. कमी असेल तर ठोकळे स्वतःच तापताहेत, नाहीतर स्क्रूखाली इनॅमलचा पापुद्रा राहिलाय, स्क्रू सोडा, टोक पुन्हा खरवडा, घट्ट करा आणि चारही रीडिंग पुन्हा घ्या.